गोड प्रश्न

मास्तर वीस दिवस गाडी चालवायला शिकवायचे आणि एकविसाव्या दिवशी थांबवायला. म्हणजे आपण होऊन थांबवायला नव्हे. ब्रेक कुठला आणि क्लच कुठला एवढं कळलं की ते पहिल्याच दिवशी जमतं. पोलिसानं हात केल्यावर थांबवायला. गावात गाडी शिकवणारे आणखी तिघे होते. त्यांच्या गाड्या नव्या होत्या, एकाकडे तर एसीसुद्धा होता. पण हा एकविसावा दिवस त्यांच्यापैकी कुणाकडेच नव्हता. लोक म्हणायचे, चालवायला कुठंही शिका, थांबायला मात्र मास्तरांकडे जा.

माणूस दिसायला साधा. साठीला टेकलेला, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक छोटा पाना. जन्म सगळा दुसऱ्याच्या शेजारी बसून गेलेला, त्यामुळे मान कायम एका बाजूला वळलेली. बायको म्हणायची, "अहो, मी समोर बसलेय, आरशात नाही." मास्तर हसायचे आणि मान सरळ करायचे, की दोन मिनिटांत परत तिकडेच.

एकविसाव्या दिवशी ते शिकाऊ माणसाला बर्फाच्या कारखान्यामागच्या गल्लीत घेऊन जायचे. गल्ली बंद, रहदारी नाही, भिंतीला सतत ओल. तिथं मास्तर खाली उतरायचे, डिकीतून एक जुनी टोपी काढून डोक्यावर चढवायचे आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे. गाडी आली की हात आडवा. मग खिशातला पाना काढून काचेवर टकटक. टोपी चढली की हा एरवीचा गरीब माणूस इतका वेगळा दिसायचा, की भलेभले स्टिअरिंग सोडून नमस्कार करायला लागायचे.

"नमस्कार काय करता? मी काय सोयरा आहे? इंजिन बंद! किल्ली समोर ठेवा. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मला दिसतील असे. काच चार बोटं खाली. चार म्हटलं मी, पाच नाही. आता सांगा, किती गोष्टी द्यायच्या?"

"चार. नाव, पत्ता, लायसन, गाडीचे कागद."

"पाचवी विचारली तर?"

"वकिलासमोर बोलेन, साहेब."

"साहेब विसरायचं नाही. हक्क आपला असतो, पण काठी त्याची असते. डिकी उघड म्हणाला तर?"

"कारण काय, साहेब? लेखी आहे का?"

"नळीत फुंक म्हणाला तर?"

"फुंकायचं. त्याला नाही म्हणता येत नाही."

"कोऱ्या कागदावर सही?"

"मेलो तरी नाही."

इथवर बहुतेक सगळे यायचे. पाठच केलेलं असायचं. खरी गंमत पुढंच होती. मास्तर टोपी काढायचे, घाम पुसायचे, काचेशी वाकायचे आणि आवाज एकदम लोण्यासारखा मऊ करून म्हणायचे, "ऊन फार आहे हो आज. जेवलात का? घरी कोण कोण असतं?"

आणि समोरचा माणूस, सुटलो बुवा एकदाचा अशा आनंदात, "मिसेस असते, दोन मुलं..." असं बोलून जायचा. की धाडकन टपावर मास्तरांचा पंजा. "नापास! उद्या परत या."

ह्याला ते गोड प्रश्न म्हणायचे. ह्या गोड प्रश्नात अर्धं गाव नापास झालं होतं. एक पाववाला तीनदा झाला. तिसऱ्यांदा तर म्हणाला, "सासूबाई आल्यात हो मास्तर, म्हणूनच तर घराबाहेर पडलोय." मास्तर त्या दिवशी हसले नाहीत. ह्या एका बाबतीत त्यांना विनोद चालत नसे.

का चालत नसे, ते बायकोला माहीत होतं, आणि दुसऱ्या कुणाला नाही. मास्तर सव्वीस वर्षांचे असताना मालाचा ट्रक चालवायचे. ती वर्षं वाईट होती. कुणालाही उचलत, कशासाठीही उचलत, एखाद्या पत्रकासाठीसुद्धा. एका नाक्यावर ट्रक थांबवला, कागद बघितले, सगळं ठीक होतं. तिथल्या साहेबानं स्वतःच्या हातानं चहा दिला आणि विचारलं, घरी कोण कोण असतं? मास्तरांनी सांगितलं, आई असते, धाकटा भाऊ असतो, तो छापखान्यात कामाला आहे. छापखाना म्हटल्यावर साहेबानं आणखी एक कप मागवला. कुठला छापखाना, कितीला घरी येतो, सगळं गप्पा मारल्यासारखं. मास्तर माल उतरवून परत आले तेव्हा धाकट्याला नेऊन दोन दिवस झाले होते. अकरा दिवसांनी तो परत आला. एका कानानं ऐकू येत नव्हतं. त्यानं दुसरा कान पुढं करून एवढंच विचारलं, "माझं नाव तू घेतलंस?" मास्तर हो म्हणाले. महिन्याभरात तो गाव सोडून गेला, तो आई गेली तेव्हाही आला नाही.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मास्तरांनी ताक फुंकलं नाही, ओतूनच दिलं.

ते कसं, ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एक वकीलबाई त्यांच्याकडे शिकायला आल्या होत्या. बाई कोर्टात वाघीण, पण गाडी मागे घेताना हमखास डोळे मिटायच्या. मास्तरांनी त्यांना निभावून नेलं. त्या उपकाराची फेड म्हणून बाईंनी एक कागद लिहून दिला: गाडी अडवली, तर माणसाचे हक्क कोणते. सात मुद्दे, सुवाच्य अक्षरात, इथल्या कायद्याला धरून. एकविसावा दिवस जन्माला आला तो ह्या कागदातून. त्यातला सहावा मुद्दा असा होता: ठाण्यात नेलं, तर आपल्या एका माणसाला लगेच कळवायला सांगण्याचा हक्क आहे, आणि कुणाला कळवायचं हे पोलिसानं विचारलंच पाहिजे.

मास्तरांनी तो मुद्दा पेनानं खोडला. एकदा नाही, कागद फाटेपर्यंत. आपल्या माणसाचं नाव पोलिसाच्या कानात सांगायचं, हा कसला हक्क? बायको म्हणाली, "अहो, बाईंनी विचार करूनच लिहिलं असेल ना?" मास्तर म्हणाले, "बाईंचा भाऊ गेला नव्हता अकरा दिवस." सातातले सहाच शिकवले गेले, वर्षानुवर्षं.

आता सिस्टरचं सांगायला हवं. सिस्टर म्हणजे घरोघरी जाऊन रुग्णांची सेवा करणारी नर्स. पंचेचाळिशीची, एकटी, अंगानं किरकोळ पण हाताला ताकद अशी, की अडीच मणाच्या म्हाताऱ्याला एका हिसक्यात कुशीवर वळवायची. कुणाची मलमपट्टी, कुणाला इंजेक्शन, कुणाची लघवीची नळी. सायकलवर चार घरं व्हायची, गाडीवर आठ होतील, म्हणून तिनं एक जुनी राखाडी गाडी घेतली आणि मास्तरांकडे आली. असा विद्यार्थी मास्तरांना उभ्या जन्मात मिळाला नव्हता. सांगितलेलं एकदा ऐकायची आणि तस्संच करायची. डॉक्टरच्या चिठ्ठीवर जे लिहिलंय तेवढंच आणि तेवढंच करायचं, ह्यात तिची वीस वर्षं गेली होती. कमी नाही, जास्त नाही. गोड प्रश्नाला पहिल्याच फटक्यात पास झालेली ती एकटी. मास्तर आवाज मऊ करून वाकले, "घरी कोण कोण असतं हो?" तर बाईनं समोरच्या भिंतीवरची नजर हलवली नाही. मास्तरांनी त्या दिवशी टपावर पंजा मारला तो आनंदानं.

आणि घरी कोण होतं? आई होती. ऐंशीच्या पुढची, पायानं धड, डोक्यानं सगळं विसरलेली. लेकीला ओळखायची नाही. "अहो बाई, तुमच्या घरचे वाट बघत असतील, जा आता," असं रोज संध्याकाळी लेकीलाच सांगायची. दोनदा घरातून निघून गेली होती, एकदा थेट मोठ्या रस्त्यावर सापडली. तेव्हापासून सिस्टर कामाला जाताना बाहेरून कुलूप लावायची. सकाळी आठला जायची, बाराला यायची, भरवायची, परत जायची. चार तासांच्या वर कधी नाही. म्हातारी आतून दार वाजवायची. मजल्यावरच्या लोकांना त्या वाजवण्याची सवय झाली होती.

त्या सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला पुलाच्या अलीकडे सिस्टरची गाडी अडवली. पहाटे कुणीतरी एका सायकलवाल्याला उडवून पळालं होतं. गाडी राखाडी, पुढचा दिवा फुटलेला, एवढंच काय ते कळलेलं. सिस्टरचा दिवा महिन्यापूर्वी फाटकाला लागून तडकला होता. सांगितलं असतं तर फाटकावरचा ओरखडासुद्धा दाखवता आला असता. पण तिनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, काच चार बोटं खाली घेतली आणि चार गोष्टी दिल्या. पाचवीला म्हणाली, "वकिलासमोर बोलेन, साहेब."

ठाण्यात नेलं. तिथं एक तरुण अधिकारी होता, नुकताच भरती झालेला. त्यानं पाणी दिलं. नोंदवही पुढ्यात ओढली आणि विचारलं, "बाई, घरी कोण असतं?"

सिस्टर गप्प.

"बाई, घरी कुणी आहे का तुमचं?"

सिस्टर भिंतीकडे बघत राहिली. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, खांदे उडवले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

तिला वाटलं, तासाभरात सुटू. बारा वाजले, दोन वाजले. वकील मिळेना. गाडी तपासायला नेली होती, तो तपासणारा माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता. फोन त्यांच्या कपाटात, किल्ल्या पाकिटात. संध्याकाळी सातला मात्र तिचा बांध फुटला. तोवर तो तरुण घरी गेला होता आणि दुसरा माणूस खुर्चीवर होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. आई आत आहे, कुलूप आहे, किल्ली त्या पाकिटात आहे, कुणालाही पाठवा. तो म्हणाला, "सकाळपासून तोंडात मिठाची गुळणी होती, आता बरी आई आठवली! गप बसायचं."

मंगळवारी दुपारी दुसरीच एक राखाडी गाडी एका गॅरेजात सापडली, आणि सिस्टरला जा म्हणाले. ती धावत घरी गेली. म्हातारी न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडलेली होती. खुब्याचं हाड मोडलेलं, तोंड कोरडं. डॉक्टर म्हणाले, सोमवारी दुपारी पडल्या असाव्यात, गेल्या त्या मंगळवारी पहाटे. शेजारचे म्हणाले, सोमवारी संध्याकाळपर्यंत काहीतरी वाजत होतं हो, पण ते रोजच वाजतं.

मास्तर मयताला गेले. सिस्टर रडत नव्हती. तिनं मास्तरांना कोपऱ्यात घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात ना मास्तर, तस्संच झालं. पाणी दिलं आणि गोड आवाजात विचारलं, घरी कोण असतं. तीनदा विचारलं. मी बोलले नाही." आणि काय सांगू, लाज वाटते सांगायला, पण खोटं कशाला बोला: त्या क्षणी, मढं समोर असताना, मास्तरांना तिचा अभिमान वाटला. पोरगी पक्की निघाली, असं मनात आलं. नंतर पुढचं ऐकलं, संध्याकाळच्या त्या माणसाचं, तेव्हा त्यांनी मूठ आवळली आणि म्हणाले, "ह्याला सोडायचं नाही. वकीलबाईंकडे जाऊ."

वकीलबाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण दात होते. त्यांनी तक्रार घातली. वरिष्ठांची चौकशी बसली. तीन आठवड्यांनी त्या आपण होऊन मास्तरांच्या घरी आल्या आणि पर्समधून एक कागद काढला. ठाण्याच्या नोंदवहीची नक्कल होती.

"हा सहावा रकाना वाचा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी चष्मा लावला. रकान्यावर छापलेलं होतं: कुणाला कळवायचे. खाली निळ्या शाईत लिहिलं होतं: तीन वेळा विचारले, नाव देण्यास नकार.

"हा प्रश्न विचारायला कायद्यानं बांधलेलं आहे त्यांना," बाई म्हणाल्या. "त्या पोरानं अगदी नियमानं विचारलं. हिनं आईचं नाव घेतलं असतं, तर दहाव्या मिनिटाला कुणीतरी किल्ली घेऊन घरी गेलं असतं. मग ही गप्प का बसली? मास्तर, मी लिहून दिलेल्या कागदावर हा सहावा मुद्दाच होता ना?"

बायको आतून आली, कपाटातून तो जुना कागद काढून बाईंच्या हातात दिला आणि परत आत गेली. बाईंनी खोडलेली जागा बघितली. उजेडाकडे धरली, तर त्यातून पलीकडचं दिसत होतं.

मग बाई म्हणाल्या, "गुरुवारी चौकशी आहे. हा रकाना तिच्या तोंडावर वाचतील. आजपर्यंत तिला वाटतंय, मी सापळ्यात सापडले नाही. तो सापळा नव्हता, हे तिला तिथं परक्या लोकांसमोर कळायला नको. तुम्ही सांगा. गुरुवारच्या आत."

तो होता शुक्रवार.

शनिवारी मास्तर तिच्या घरी गेले, दिव्याचा बल्ब बदलून दिला आणि परत आले. सोमवारी गेले, तर ती आईच्या साड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "एका गोष्टीचं समाधान आहे मास्तर. माझ्याकडून जे करता येण्यासारखं होतं, ते मी केलं. पुढं त्यांनी माणुसकी सोडली, त्याला मी काय करू?" मास्तर हूं म्हणाले. चहा प्यायले. उठले. ज्या समाधानाच्या आधारानं बाई उभी होती, ते तिच्या पायाखालून काढून घ्यायचं कसं? न सांगणंच तिच्या भल्याचं आहे, असंही त्यांनी जिना उतरताना स्वतःला पटवलं. माणूस स्वतःला पटवायला बसला की काय वाट्टेल ते पटवतो!

बायकोनं मात्र त्या रात्री ताट वाढलं नाही. "अहो, तिच्या भल्याचं बघता की तुमच्या? सांगा तिला. नाहीतर गुरुवारी सकाळी मी जाऊन सांगते."

"काय सांगू मी तिला?"

"जे आहे ते. चौतीस वर्षं भावाला मनात पुरून पुरून दमला नाहीत तुम्ही. आता हिच्या आईला पण तिथंच पुरणार का?"

असं ती कधी बोलत नसे. मास्तर उपाशीच झोपले.

गुरुवारी ते शिकवायची गाडी घेऊन सिस्टरला न्यायला गेले. गाडी अडवली त्या सोमवारनंतर तिनं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मास्तर चालवायला बसले आणि ती शेजारी, म्हणजे जन्मभर मास्तर ज्या सीटवर बसले त्या सीटवर. तिथं पायाशी शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक असतो. तिनं पाय त्याच्या कडेला ठेवले. कपडे पांढरे, मांडीवर आईच्या कागदांची पिशवी. बाजारपेठ गेली, पाण्याची टाकी गेली. आता दोन चौक राहिले. मास्तरांची मान आयुष्यात पहिल्यांदा सरळ होती. रस्त्यावरून नजर काढायची हिंमत नव्हती त्यांची.

"सिस्टर," ते म्हणाले, "त्या मुलानं जे विचारलं ना, घरी कोण असतं... ते फसवायला नव्हतं विचारलं."

"म्हणजे?"

"त्यांना विचारावंच लागतं. कायदा आहे. आपल्या माणसाला कळवायला सांगायचा आपला हक्क आहे. वकीलबाईंनी मला लिहून दिलं होतं, सहावा मुद्दा. मला माहीत होतं. मी शिकवलं नाही. मी उलटं शिकवलं."

गाडी चौकाच्या मध्यावर होती. कचकन थांबली. मास्तर छातीनं स्टिअरिंगवर आदळले. त्यांचा पाय ब्रेकवर नव्हताच. सिस्टरनं आपल्या पायाशी असलेला ब्रेक तळापर्यंत दाबला होता. मागून हॉर्न सुरू झाले. कुणीतरी शिवी दिली. तिचा पाय हलेना.

"म्हणजे मी सकाळीच आई म्हटलं असतं," ती म्हणाली, "नुसतं आई, एवढंच..."

"हो."

"तर कुणीतरी गेलं असतं?"

"गेलं असतं."

"तेव्हा ती पडलीसुद्धा नव्हती."

मास्तरांना वाटलं, ती आता मारेल, ओरडेल, उतरून जाईल. तसं काही झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं पिशवीतले कागद एकदा सरळ केले आणि पाय मागे घेतला.

"चला," ती म्हणाली. "अकराला बोलावलंय."

चौकशीची खोली वरच्या मजल्यावर होती. लांब टेबल, पलीकडे तिघेजण, मधे एक केस पिकलेल्या बाई, त्या प्रमुख. अलीकडे एका बाजूला तो तरुण अधिकारी, टोपी गुडघ्यावर, आणि त्याच्या शेजारी संध्याकाळचा तो माणूस, जाडजूड, आरामात बसलेला. दुसऱ्या बाजूला सिस्टर आणि वकीलबाई. मास्तर मागच्या बाकावर.

प्रमुख बाईंनी सहावा रकाना वाचला. "तीन वेळा विचारले, नाव देण्यास नकार. हे खरं आहे?"

"खरं आहे," सिस्टर म्हणाली.

"का दिलात नकार?"

"मला वाटलं, फसवताहेत."

तो तरुण एकदम बोलला, "बाई, मी खरंच तुमच्यासाठीच विचारलं हो." प्रमुख बाईंनी त्याला हातानं गप्प केलं. त्याचे डोळे भरले होते. मास्तरांनी ते बघितलं आणि मान खाली घातली.

जाडजूड माणूस घसा खाकरून म्हणाला, "सकाळचा नकार वहीत लिहिलेला होता, मॅडम. मग संध्याकाळी ही एकदम आई आई करायला लागली. मला वाटलं, नाटक आहे. कुणालाही वाटेल."

प्रमुख बाईंनी लिहून घेतलं. मग सिस्टरकडे वळल्या. "फसवताहेत असं तुम्हाला का वाटलं? कुणी सांगितलं होतं तसं?"

सिस्टर मांडीवरची पिशवी सावरत राहिली.

मागचा बाक करकरला. मास्तर उभे राहिले होते. "मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी गाडी शिकवतो. दोष माझा आहे, सिस्टरचा नाही. माझा भाऊ होता मॅडम, धाकटा, छापखान्यात होता, त्याला मी..." आणि मग त्यांना आवरेना. चहाचे दोन कप, अकरा दिवस, कान, खोडलेला मुद्दा, सगळं एकात एक मिसळून तोंडातून यायला लागलं. साठ वर्षांचा माणूस, नाक वाहतंय आणि बोलतोच आहे. प्रमुख बाईंनी पेन खाली ठेवलं. जाडजूड माणूस खुर्चीत आणखी आरामात रेलला. सगळी खोली मास्तरांकडे बघत होती.

सिस्टर वळली. आवाज चढवला नाही तिनं. रुग्णाच्या नातेवाइकांना खोलीबाहेर काढताना वापरायची तोच आवाज होता.

"बसा खाली, मास्तर. इथं माझ्या आईचं चाललंय."

मास्तर बसले.

मग तिनं त्या जाडजूड माणसाकडे बोट केलं आणि प्रमुख बाईंना म्हणाली, "हं, लिहा. सकाळी मी बोलले नाही, ती माझी चूक, ती माझ्या नावावर लिहा. संध्याकाळी सात वाजता मी ह्यांना आईचं नाव सांगितलं, वय सांगितलं, पत्ता सांगितला, किल्ली कुठल्या पाकिटात आहे तेही सांगितलं. तेव्हा ती जिवंत होती. त्यानंतर ह्यांनी काय केलं, ते आता ह्यांना विचारा."